प्लास्टिकच्या डब्यांबाबत या चुका टाळा

डबा विकत घेताना झाकण घट्ट बसते का हे सगळेच पाहतात, पण तो पालथा करून तळावरचा त्रिकोण वाचणारे मला फार थोडे भेटले आहेत. त्या त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि उकळते पाणी सहज सोसते. १ म्हणजे पेट, आणि ते ७०-७५ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. हा फरक मी हात भाजून घेऊन शिकलो. घाईत असताना नुकतेच उतरवलेले सूप मी एका रिकाम्या, पारदर्शक पेटच्या बरणीत ओतले. क्षणात तिच्या बाजू सुरकुतल्या, ती कलंडली आणि सूप माझ्या मनगटावर आले. विकतच्या मालाबरोबर आलेल्या अशा बरण्यांत मी तेव्हापासून फक्त कोरडे जिन्नस ठेवतो.

तेलकट पदार्थ डब्यातच मायक्रोवेव्हमध्ये तापवण्याची चूक मला सर्वांत जास्त खटकते. पाणी १०० अंशांना उकळते, पण तेल त्यापेक्षा बरेच जास्त तापते, आणि जिथे तेलाचा थर डब्याला टेकतो तिथे प्लास्टिक मऊ होऊन खडबडीत होते. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळत असल्यामुळे तो नेमका तिथेच मुरतो, आणि मग लोक तारेच्या घासणीने डबा घासून त्यावर आणखी ओरखडे पाडतात. 'मायक्रोवेव्हला चालतो' हे चिन्ह पाहून निर्धास्त होणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की पदार्थ काचेच्या भांड्यात काढून घ्यायला अर्धा मिनिटही लागत नाही. हा अर्धा मिनिट वाचवण्याच्या घाईत चांगले डबे वाया जातात.

फ्रीझरमध्ये ठेवायचा पातळ पदार्थ काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते.

डबा कितीही घासला तरी वास जात नसेल, तर झाकणातली रिंग काढून पाहावी. तिच्या खाचेत ओल आणि अन्नकण साचून बुरशी धरते. मी ती चमच्याच्या बोथट दांड्याने उचलतो, कारण सुरीचे टोक लागले की रिंग चिरते आणि झाकण गळू लागते. खाच जुन्या मऊ ब्रशने घासून रिंग रात्रभर वेगळी वाळवतो आणि सकाळी बसवतो. ओला डबा झाकण लावून कपाटात ठेवला, तर दुसऱ्याच दिवशी तो कुबट वास परत येतो.