दोन घरांमधली जागा: दाट वस्तीच्या गृहरचनेत काम करू पाहणाऱ्यांसाठी

वास्तुकलेची पदवी हातात पडलेली मुलेमुली अलीकडे एकच प्रश्न वारंवार विचारतात: पर्यावरणपूरक गृहनिर्माणात काम करायचे असेल तर कोणता अभ्यासक्रम घ्यावा आणि कोणते सॉफ्टवेअर शिकावे? मुंबईतल्या पुनर्विकासाच्या कामात, म्हणजे म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण मंडळाच्या) जुन्या वसाहती, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारती आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्या आराखड्यांवर बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे उत्तर थोडे वेगळे असते. दाट वस्तीत माणसे निरोगी राहतील की नाही, एकमेकांना ओळखतील की नाही, हे बहुतांशी घराच्या आत ठरत नाही. ते दोन इमारतींमधल्या अंतरात, जिन्याच्या चौकात, सामाईक पॅसेजमध्ये आणि तळाच्या मोकळ्या जमिनीवर ठरते. विक्रीच्या पत्रकात या जागांना किंमत नसते, म्हणून त्या सर्वांत आधी कापल्या जातात. त्या मोजायला आणि त्यांची बाजू आकड्यांनी मांडायला शिकणे हाच या क्षेत्रातला खरा प्रवेश आहे.

हा विषय मुंबईला नवा नाही. 1896 साली प्लेगची साथ आली आणि तिच्या धक्क्यातून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट गल्ल्या पाडून हवा आणि उजेड आत आणणे हे त्याचे घोषित काम होते. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ज्या आखणीतून उभ्या राहिल्या, ती याच ट्रस्टची. पुढे 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे एकूण 207 चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक शौचालये, अशी ही रचना. आता त्यांतल्या बहुतेक चाळींच्या जागी म्हाडा उंच इमारती बांधत असून रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे मिळत आहेत. स्वतःचे शौचालय आणि वेगळे स्वयंपाकघर मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि चाळीच्या आठवणी काढून हळवे होणाऱ्यांनी ती कमी लेखू नये. पण बीडीडी चाळीच्या अंधाऱ्या पॅसेजमधून एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. समोरासमोरच्या दोन खोल्यांची दारे दिवसभर उघडी असत, त्यामुळे एका खोलीच्या खिडकीतून शिरलेला वारा पॅसेज ओलांडून समोरच्या खिडकीने बाहेर पडत असे. म्हणजे शेजाऱ्याशी संबंध चांगला असणे ही वायुवीजनाची अटच होती. नव्या इमारतीत दार बंद झाले की वाऱ्याची ती वाटही बंद होते, आणि तिची भरपाई आराखड्यात कुठे केली आहे, हा प्रश्न आपण विचारला नाही तर दुसरे कोणी विचारत नाही.

अंतराचा मुद्दा जरा बारकाईने पाहू. गोवंडी-मानखुर्द भागातल्या काही पुनर्वसन वसाहतींत आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. अशा इमारतीच्या तळमजल्यावरच्या खिडकीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर आणि समोरच्या इमारतीची उंची 23 मीटर धरली, तर आकाशाचा पहिला तुकडा दिसण्यासाठी नजर सुमारे 82 अंश वर न्यावी लागते. क्षितिजापासून डोक्यावरपर्यंतच्या 90 अंशांपैकी उरतात फक्त आठ. तेच अंतर 12 मीटर केले तर सुमारे 29 अंश आकाश मिळते. हे गणित करायला संगणकही लागत नाही. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी अभ्यास केला, तेव्हा खालच्या मजल्यांवरचा कमी उजेड, कोंडलेली हवा आणि तिथल्या क्षयरोगाचे जास्त प्रमाण यांचा संबंध पुढे आला. डॉक्टरांच्या अहवालात जे आजाराचे कारण म्हणून येते, ते आपल्या टेबलावरून ‘साइड मार्जिन’ (इमारतीच्या बाजूने सोडायचे अंतर) या नावाने गेलेले असते. नव्या माणसाने अशा एखाद्या वसाहतीत दुपारी बारा वाजता जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दिवा लावावा लागतो का, एवढे पाहून यावे.

सूर्याचे गणितही असेच हाताने करून पाहावे. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे 47 अंशांवर असतो, म्हणजे 24 मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ 22 मीटर पडते. जूनच्या अखेरीस मात्र तोच सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर साधा आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येऊन छज्ज्याखालून थेट बिछान्यापर्यंत पोचते, तिथे उभे पडदे, जाळी किंवा खोल गॅलरी लागते. शिवाय आपला पाऊसही नैऋत्येकडूनच झोडपतो. परदेशी मासिकांत पाहून छज्जे उडवलेल्या गुळगुळीत दर्शनी भिंती दोन पावसाळ्यांत ओल धरतात, तेव्हा आतल्या बुरशीचा त्रास दम्याच्या रुग्णाला होतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. ती प्रत्येकाने मुळातून वाचावी, कारण तीत फारसे गूढ काही नाही. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा तिने दर चौरस मीटरला 15 वॉट ठेवली आहे, आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र कार्पेट क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावे असे सांगितले आहे. 500 चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण 46 चौरस मीटरच्या घराला हा हिशेब सुमारे 7.7 चौरस मीटर येतो. आता मेख पाहा: दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी निम्मीच उघडते. नकाशावर काचेचे क्षेत्र भरपूर दिसते आणि प्रत्यक्ष घरात वारा मिळत नाही, त्याचे कारण बहुधा एवढेच असते. बिजागरीची खिडकी द्यावी तर जाळी, कठडा आणि एसीचे यंत्र यांच्याशी तिची भांडणे सोडवावी लागतात. ती कंटाळवाणी आहेत, पण ती सोडवण्यासाठीच तर आपल्याला पगार मिळतो.

समाजजीवनाचा विचार करताना नवशिके बहुधा क्लब हाउस, अँफिथिएटर, योगा डेक अशा शब्दांनी सुरुवात करतात. पुनर्विकासाच्या सर्वसाधारण सभेत बसले की हे शब्द आपोआप मागे पडतात. एका चाळीच्या सभेत आम्ही त्रिमितीय चित्रे दाखवत असताना मागच्या रांगेतल्या एक आजी उठून म्हणाल्या, “साहेब, घर छान आहे. पण मयत झाली तर ठेवायची कुठे? आणि वरून खाली आणायची कशी?” सभागृहात कोणी हसले नाही, कारण प्रश्न सर्वांच्याच मनात होता. स्ट्रेचर आडवे मावेल अशी लिफ्ट, लिफ्टसमोर ते वळवता येईल एवढी जागा, आणि तळाशी शंभर माणसे उभी राहू शकतील असा छप्पर असलेला मोकळा भाग, या तीन मागण्या त्या एका वाक्यात होत्या. त्याच तळाच्या जागेत गणपतीचा मांडव बसतो, हळद होते, लसीकरणाचा कॅम्प लागतो, पावसात मुले खेळतात. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत तळमजला खांबांवर मोकळा सोडण्याची जी पद्धत आहे, तिचाही उपयोग लग्न, अंत्यविधी आणि रोजच्या गप्पा असाच होतो. आपल्याकडे हीच जागा पार्किंगला जाते. तेव्हा सभेत रहिवाशांना ‘तुम्हाला कोणत्या सुविधा हव्यात’ असे विचारू नये, कारण त्यावर लोक जाहिरातीतल्या सुविधाच सांगतात. ‘पापड कुठे वाळवता, मुले कुठे खेळतात, भांडणे कशावरून होतात’ असे विचारावे. आराखड्याला लागणारी माहिती या उत्तरांतून मिळते.

मोकळ्या जमिनीबद्दल एक निकाल माहीत असायलाच हवा. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल या प्रकरणात, तेव्हाच्या नियमावलीनुसार सोडायची किमान मनोरंजन जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमवर (पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर) दाखवून चालणार नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर नियमावली बदलली, 2018 मध्ये डीसीपीआर 2034 ही मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली आली, आणि आज लागू असलेली तरतूद प्रत्येक प्रकल्पासाठी नव्याने तपासावी लागते; पण निकालामागची दृष्टी अजूनही उपयोगी आहे. स्लॅबवरच्या मातीत वडपिंपळ वाढत नाहीत, पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या बागेत रस्त्यावरून येणारा भाजीवाला किंवा शेजारच्या वस्तीतले मूल कधीच येत नाही. रेफ्यूज एरियाबद्दलही सावध राहावे. तो आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेला भाग असून तो मोकळाच ठेवावा लागतो. सादरीकरणात तिथे बाके आणि कुंड्या दाखवून त्याला ‘आकाशातले अंगण’ म्हणणे मला अप्रामाणिक वाटते.

आता टिकाऊपणाचा हिशेब, जो हरित इमारतींच्या मानांकनाच्या प्रमाणपत्रात सहसा दिसत नाही. एका मजल्यावर आठ घरे आणि 600 चौरस मीटरची गच्ची असलेली इमारत घ्या. टाक्या, लिफ्टच्या खोल्या वगैरे सोडून निम्मी गच्ची सौरपट्ट्यांना मिळाली तर, किलोवॉटमागे साधारण दहा चौरस मीटर धरून, 30 किलोवॉटची यंत्रणा बसते आणि दिवसाला सुमारे 120 युनिट वीज मिळते. इमारत सात मजल्यांची असेल तर 56 घरांत प्रत्येकी दोन युनिटांहून थोडे जास्त वाट्याला येतात. चाळीस मजल्यांची असेल तर 320 घरांत अर्धे युनिटही नाही. पावसाच्या पाण्याचे तसेच आहे. वर्षाला 2200 मिलिमीटर पाऊस धरला तर त्या गच्चीवर, गळती वजा न करता, 1320 घनमीटर पाणी पडते. घरटी साडेचार माणसे आणि माणशी रोज 135 लिटर या हिशेबाने सात मजली इमारतीची ती 39 दिवसांची गरज आहे, चाळीस मजली इमारतीची सात दिवसांचीही नाही. म्हणजे उंची वाढली की गच्चीकडून मिळणारे फायदे विरळ होत जातात, आणि मग वापरलेले पाणी शुद्ध करून फ्लशला देणे, पंपांची क्षमता, लिफ्टचा वीजवापर, पॅसेजला दिवसा मिळणारा उजेड या गोष्टींवर जोर द्यावा लागतो. आराखडा करताना दरमहा मेंटेनन्स किती येईल याचा अंदाज त्याच कागदावर मांडण्याची सवय लावून घ्यावी. पुनर्वसनाच्या इमारतीत मेंटेनन्स परवडला नाही की आधी सांडपाणी शुद्धीकरण बंद पडते, मग पॅसेजचे दिवे जातात, आणि शेवटी लिफ्ट बंद पडून गुडघे दुखणारी माणसे घरात कैद होतात. दिवसा दिवा लागणारच नाही असा पॅसेज आणि सहज चढावासा वाटेल असा उजेडाचा, खिडकी असलेला जिना हा मला सौरपट्ट्यांपेक्षा जास्त भरवशाचा उपाय वाटतो.

दाट वस्ती म्हणजे उंच इमारतच, हा समज मोडण्यासाठी नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला एक फेरी अवश्य मारावी. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेज या बैठ्या वसाहतीत सात घरे आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती, अशा तीन गटांची एकवीस घरे बारा मीटरच्या अंगणाभोवती, अशी चढती रचना आहे, आणि हेक्टरी सुमारे 500 माणसे सामावण्याचा तिचा हिशेब होता. अनेक मूळ घरे पाडून लोकांनी काँक्रीटची मोठी घरे बांधली आहेत. काहींना त्याचे दुःख होते, मला नाही, कारण घर वाढवता यावे हाच त्या आखणीचा हेतू होता. अंगणे मात्र बरीचशी टिकून आहेत. वरळीला ही घनता पुरणार नाही हे उघड आहे, तरीही सात घरांना एक जागा ‘आपली’ वाटते आणि तीनशे घरांना एक लॉबी कोणाचीच वाटत नाही, हे सूत्र उंच इमारतीतही वापरता येते. दर तीन-चार मजल्यांमागे एक उजेडाचा चौक मिळवण्यासाठी मी अनेकदा भांडलो आहे. कधी मिळतो, बहुधा मिळत नाही.

तेव्हा नेमके काय शिकावे? रेव्हिट हे आराखड्याचे सॉफ्टवेअर आणि प्रकाशाचे सिम्युलेशन जरूर शिकावे, पण आधी डीसीपीआरचे 33(5), 33(7), 33(9) आणि 33(10) हे विनियम (अनुक्रमे म्हाडा वसाहती, उपकरप्राप्त इमारती, समूह पुनर्विकास आणि झोपडपट्टी पुनर्वसन) नीट वाचावेत, कारण शहरातले बहुतेक पुनर्विकास याच चार दारांतून येतात. मुंबईबाहेर काम करायचे असेल तर राज्याची 2020 ची एकत्रित विकास नियमावली वाचावी. राष्ट्रीय इमारत संहितेतला अग्निसुरक्षेचा भाग आणि नैसर्गिक प्रकाश-वायुवीजनाचा भाग हाताशी ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एरिया स्टेटमेंट, म्हणजे बांधकामाच्या क्षेत्राचा हिशेबतक्ता, स्वतः करता आले पाहिजे. जे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात (एफएसआयमध्ये) धरले जात नाही ते विकासक सहज देतो; ज्यासाठी प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरावा लागतो ते कापायला निघतो. पॅसेज दीड मीटरऐवजी दोन मीटर केला तर किती क्षेत्र जाते आणि त्याची किंमत काय, हे बैठकीत तोंडावर सांगता आले तर वाद निम्मा जिंकला जातो. नुसते ‘लोकांसाठी चांगले आहे’ म्हणणाऱ्या कनिष्ठ आर्किटेक्टचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि बैठक पुढे सरकते.

नोकरी निवडताना फक्त परवानग्यांची कामे करणारे कार्यालय पहिल्या दोन वर्षांसाठी वाईट नाही. नियम तिथे पाठ होतात. त्यापुढे मात्र आराखडा आणि साइट दोन्ही हाताळायला मिळतील असे ठिकाण शोधावे. मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: कार्यालयाने पूर्ण केलेल्या आणि किमान एक पावसाळा लोक राहिलेल्या एखाद्या इमारतीत जाऊन रहिवाशांशी बोलता येईल का? परवानगी मिळाली तर तळमजल्यावरचे घर, मधल्या मजल्यावरचा पॅसेज आणि संस्थेच्या सचिवांकडची तक्रारवही, या क्रमाने पाहावे.