यकृतका आणि कृंतक: तुलनेचा तक्ता भरताना या चुका टाळा

यकृतका म्हणजे शेवाळासारख्या छोट्या वनस्पती (इंग्रजीत लिव्हरवर्ट), कृंतक म्हणजे उंदरासारखे कुरतडणारे प्राणी. दोघांच्या तुलनेच्या तक्त्यात डावीकडे 'मर्केंशिया' ही यकृतका, उजवीकडे 'उंदीर', खाली वर्गीकरण आणि संवर्धन स्थिती. असा तक्ता तपासायला घेतला की मी पहिल्याच ओळीत अडखळतो. एकीकडे शास्त्रीय नाव, दुसरीकडे बोलीतलं. उंदीर म्हणजे नक्की कोणता? घरातला असेल तर मुस मस्क्युलस लिहा. चिचुंद्री घेऊ नका, ती कृंतक नाही. ससाही नाही: त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते, कृंतकांना एकच.

मोठा घोळ 'प्रजाती' या शब्दाचा. वर्तमानपत्रं जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात. वर्गीकरणात मात्र मुस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि मुस मस्क्युलस ही जाती. लाल यादीतला, म्हणजे कोणती जाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक यादीतला, दर्जा सहसा जातीला मिळतो, त्यामुळे 'कृंतक: धोका नाही' या नोंदीला अर्थच नाही. कृंतक हा सुमारे अडीच हजार जातींचा गण, म्हणजे मोठा गट, आहे. घरातला उंदीर 'कमी चिंता' गटात आहे, पण युरोपीय हॅमस्टर 2020 पासून अतिसंकटग्रस्त. ऑस्ट्रेलियातला ब्रॅम्बल के मेलोमिस हा उंदरासारखा कृंतक तर संपलाच. त्याचं एवढंसं बेट समुद्राच्या पाण्याखाली जात राहिलं आणि 2019 मध्ये तिथल्या सरकारने तो नामशेष झाल्याचं मान्य केलं. घरोघरी पाळलेले चिंचिला (मऊ केसांचे कृंतक) पाहून 'भरपूर आहेत' असंही लिहू नका. दर्जा रानातल्या संख्येवर ठरतो, आणि रानात चिंचिला संकटग्रस्त आहे.

यकृतकांच्या रकान्यात उलटी चूक होते. त्यांच्या सात हजारांच्या आसपास जाती, पण जागतिक यादीसाठी तपासलेल्या फारच थोड्या. मग यादीत नाव सापडलं नाही की लोक 'सुरक्षित' लिहून मोकळे होतात. तिथे 'मूल्यांकन झालेलं नाही' एवढंच लिहायचं. 2019 च्या युरोपीय यादीतला दर्जा घेतलात तर शेजारी 'युरोप' लिहा, तो जगाचा दर्जा नव्हे.

रकाने उलटे भरलेत का, हे कुलाच्या (जवळच्या प्रजातींच्या गटाच्या) नावाच्या शेवटावरून लगेच कळतं: वनस्पतीचं मर्केंशिएसी, प्राण्याचं म्युरिडी.

राहिला फोटो. हेपॅटिका या फुलझाडालाही इंग्रजीत लिव्हरवर्ट म्हणतात, त्यामुळे निळ्या फुलांचा फोटो हमखास चिकटवला जातो. मर्केंशिया ओळखायची ती जमिनीला चिकटलेल्या चपट्या हिरव्या पट्टीवरून. पट्टीवर इवल्या वाट्या असतात, वाट्यांत हिरवे कण, आणि पावसाचा थेंब पडला की ते उडून दूर जाऊन रुजतात. कधी देठावर छत्र्या उभ्या राहतात, त्यांनाही काहीजण फुलं म्हणतात. यकृतकेला फूल येतच नाही.