भाकरी बदलली, पोट मात्र तसंच? ताटातल्या या चुका टाळा

पोळीऐवजी भाकरी आली, साखरेऐवजी गूळ आला, साध्या बिस्किटांच्या जागी मल्टिग्रेन बिस्किटं आली, तरी पँट कमरेला घट्टच होते. ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि त्यात दोष कुणाच्या इच्छाशक्तीचा नसतो. आपण पदार्थ बदलतो, पण ताटातलं प्रमाण तेच ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक: धान्य बदललं, कमी नाही केलं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडिॲब या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी (कॅलरींपैकी) सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असं त्यात दिसलं. पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका घटलेला आढळला नाही. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ५ टक्के कर्बोदकांऐवजी डाळी किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांतून घेतले की धोका कमी दिसला.

आता आपलं नेहमीचं ताट बघा. तीन भाकऱ्या, वर भात, वाटीत पातळ वरण आणि कडेला तोंडी लावण्यापुरती भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाचं प्रमाण सांगितलं: धान्य २५० ग्रॅमपर्यंत, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. मांसाहारी असाल तर या ८५ ग्रॅममध्ये अंडी-मासेही आले. हे वजन कच्च्या, कोरड्या डाळीचं आहे. पातळ वरणाची वाटी त्याच्या जवळपासही पोचत नाही. म्हणून एक भाकरी कमी करा आणि तिच्या जागी मटकीची घट्ट उसळ, चवळी किंवा कुळथाचं पिठलं घ्या. भाजी दुप्पट वाढा.

याचा फायदा शेतालाही होतो. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून ठेवतात, त्यामुळे नत्रखत कमी लागतं. तूर, मटकी, हुलगा ही पिकं पावसाच्या पाण्यावर येतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारीही कोरडवाहूच, तेव्हा ज्वारी सोडायचं कारण नाही. ती मोजून खा, इतकंच. किनवा आणि ॲव्होकाडोसाठी खिसा रिकामा करण्यापेक्षा हंगामातला तांदुळजा, शेपू, माठ कितीतरी बरा.

तेल बदलता, पण डबा मोजता का?

कोणतं तेल चांगलं, यावर घरात वाद होतात. किती लागतं, हे कुणी विचारत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात ते २७ ग्रॅम आहे, म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटर. फरसाण, वडापाव आणि हॉटेलचं तेल तर डब्यात मोजलंच जात नाही. डबा फोडल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा आणि फोडणीला पळीऐवजी चमचा वापरा.

गूळ आणि मल्टिग्रेन

गूळही साखरच आहे. चहा गुळाचा केला म्हणून जास्तीचे कप माफ होत नाहीत. बिस्किटाच्या पुड्यावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर समोर नाचणीचं चित्र असलं तरी ती मैद्याचीच बिस्किटं.

फक्त वजनकाट्यावर विसंबणं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ होता. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी लपलेली असू शकते, म्हणून टेप हाताशी ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरवर आणि बायकांचा ८० वर गेला असेल, तर बीएमआय ठीक असला तरी लक्ष द्यायला हवं.

बदल केला, पण जमत नाही?

उसळींनी पोट फुगत असेल, तर सुरुवात मुगापासून करा. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, मोड आणून नीट शिजवा आणि प्रमाण हळूहळू वाढवा. संध्याकाळी भूक खवळत असेल, तर बहुतेक दुपारच्या जेवणात डाळ-भाजी कमी पडलेली असते. चार वाजता फुटाणे खा, किंवा ताक प्या. घरातले कुरकुरत असतील, तर वेगळं ‘डाएटचं’ जेवण रांधू नका. सगळ्यांच्या पानात तेच वाढा, फक्त आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही डाळी-उसळी वाढवण्याआधी त्यांना विचारावं.