डाळ मिलच्या रोलरचे व्ही-बेल्ट सारखे तुटत होते, ते असे थांबले

अमरावती जिल्ह्यात गावातच आमची तुरीची डाळ मिल आहे. ऐन सीझनमध्ये लोड आला की मोटरवरून रोलर फिरवणारे व्ही-बेल्ट (पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेत बसणारे पट्टे) घसरायचे, जळका वास यायचा, रोलर मंदावला की साल नीट निघायची नाही अन् मग एखादा बेल्ट तुटायचाच. तुटलेला तेवढा बदलला, पकड यावी म्हणून राळ टाकली, मोटर मागं ओढून बेल्ट कडक केले तर बेअरिंग तापलं. पार वैताग आला राजेहो.

शेवटी जमलं ते असं. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवले, कोणी चुकून चालू करते म्हणून. बोल्ट ढिले करून मोटर पुढं सरकवली, बेल्ट हातानं काढले, टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) उचकटू नका, आतले धागे तुटतात. पुलीच्या खाचा पुसल्या तर तळ चमकत होता, म्हणजे खाच झिजून बेल्ट बाजूंनी न धरता तळाला टेकत होता, खरं दुखणं हेच. पुली बदलली. मग दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सुतळी ताणली अन् ती दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, अशी चारही जागी टेकेपर्यंत मोटर हलवली. बेल्ट सगळे नवीन, एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, कारण जुन्यात नवा घातला की लोड नव्यावरच येते. ताण मधोमध पाहायचा, पुल्यांमधल्या मीटरभर अंतराला 16 मिलिमीटर दबला पाहिजे, जोर किती लावायचा ते कंपनीच्या चार्टात राहते, ताणकाट्यानं (स्प्रिंगच्या काट्यानं) मोजता येते. बेल्टवरची जाळी लावून चालू करा, दिवसभर चालल्यावर नवे बेल्ट ढिलावतात, तेव्हा ताण परत बघाच.