फेस्तापूर्वीचं कुमसार: तयारी कशी करावी

गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त (वार्षिक सण) ३ डिसेंबरला. त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि त्या दिवसांत जुन्या गोव्यात कुमसाराच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या, रांगा वाढतच जातात. रांगेत उभं राहिल्यावर पापं आठवायला लागणं ही तयारी नव्हे. आठवडाभर आधी सुरुवात करा आणि जमल्यास आपल्याच गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) जा. गर्दीच्या दिवशी फादरांना एकेकाला फार वेळ देता येत नाही, आणि बऱ्याच वर्षांनी येणाऱ्याला वेळ लागतो.

पहिलं काम विवेकाच्या तपासणीचं. दोन-तीन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. मग बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक करून घ्या. चौथीपाशी म्हाताऱ्या आईवडिलांचं औषधपाणी आणि त्यांच्याशी बोलण्याचा सूर तपासा. सातवीपाशी गवंड्याची अडकवलेली मजुरी आणि रात्रीत सरकवलेली कुंपणाची वई. आठवीपाशी वाटणीच्या दाव्यातलं खोटं प्रतिज्ञापत्र. कागदावर मोजक्या खुणा करा, कुमसार झाल्यावर तो फाडून टाका. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब मोठी असणं, ती चूक आहे हे पुरतं ठाऊक असणं आणि तरीही मनापासून ती करणं. अशा पापांचा प्रकार आणि साधारण संख्या सांगावी लागते. म्हणून ‘राग आला, खोटं बोललो’ एवढ्यावर थांबू नका. राग कसला, आणि त्यातून पुढे काय केलंत?

खरी तयारी मात्र कागदावर नाही, घराबाहेर होते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करायला उभा राहतो. म्हणून नोव्हेना सुरू होण्याआधीच निदान एक दुरुस्ती करून टाका. अडकवलेली मजुरी पूर्ण द्या. कामगार वारला असेल तर वारसांना द्या. खूप शोधूनही कुणी सापडलं नाही तर गरिबांना. कुणाची बदनामी केली असेल, तर ज्यांच्यापाशी केली त्यांच्यापाशीच जाऊन ‘मी म्हटलं ते खरं नव्हतं’ असं सांगा. असं सांगणं पैसे परत करण्यापेक्षा जड जातं, म्हणूनच लोक ते टाळतात.

घराच्या वाटणीवरून कोर्टात गेलेल्या भावंडांचा इथे गोंधळ होतो. आपला हक्क मागणं पाप नाही, दावा मागे घ्यायलाच हवा असंही नाही. पण खोटी साक्ष मागे घ्यावी लागते, आणि भाऊ इगर्जीच्या दारात भेटला तर मान फिरवणं थांबवावं लागतं. एक फोन करा, फार बोलू नका, वाद उकरू नका. समोरच्याने फोन ठेवला तरी तुमच्या बाजूचं काम झालं. संत पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात हेच लिहितो: तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीने राहा.

पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांत पाणी येणं नव्हे. देवावरच्या प्रेमापोटी झालेलं दुःख सर्वांत उत्तम. शिक्षेच्या भीतीतून किंवा पापाची किळस येऊन झालेलं दुःखही या संस्कारासाठी चालतं. पण पुन्हा न करण्याचा निश्चय हवाच, आणि तो ठोस हवा. ‘दारू कमी करीन’ हा निश्चय नाही. ‘शनिवारी तावेर्नाच्या वाटेने घरी येणार नाही’ हा आहे.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा, मागचं कुमसार कधी केलं ते सांगा आणि सर्वांत जड पाप आधी बोला. शेवटी ठेवलं की जीभ अडखळते. इतरांची नावं घेऊ नका, ‘तिने असं केलं म्हणून’ हे सुरू करू नका. गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर कुमसार वैध होत नाही. खरोखर विसरलात तर त्याचीही क्षमा होते, आठवल्यावर पुढच्या खेपेस सांगा. फादरांनी कुमसारातलं गुपित फोडलं तर त्यांच्यावर थेट चर्चचा बहिष्कार येतो, त्यामुळे ती भीती बाळगू नका. वर्षं उलटली असतील तर पहिल्याच वाक्यात ‘मला मदत करा’ म्हणा. मराठीतून बोलायचं असेल तर आधी विचारून घ्या.

दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी, शक्यतो इगर्जीतून बाहेर पडण्याआधी करा. कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेण्याआधी एक तास उपास असतो. पाणी आणि औषध चालतं, फेरीतलं (जत्रेतलं) गोड खाजें चालत नाही. क्षमा झालेली जुनी पापं मनात टोचत राहिली तरी तीच तीच पुन्हा सांगायची गरज नसते. टोचणी थांबत नसेल तर एकाच फादरांकडे नियमाने जा आणि त्यांचं ऐका. गंभीर पापांसाठी वर्षातून निदान एकदा हा चर्चचा नियम आहे, पण वर्षभराचं आठवत नाही. म्हणून कुमसारासाठी दर महिन्याचा पहिला शुक्रवार धरा.