वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व आणि मिक्सर : बाळाला वरचं खाणं सुरू करताना या चुका टाळा

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की घरातली मोठी माणसं पहिला सल्ला देतात, "आता वरणाचं पाणी सुरू करा." सल्ला मायेचाच असतो. पण वरचं खाणं सुरू होऊन महिना-दोन महिने झाले तरी वजन हलत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आयांना बाळ दिवसभरात काय खातं ते विचारलं, की बहुतेक वेळा गाडी या पाण्यापाशीच येऊन थांबते.

साधा हिशोब बघा. आईच्या 100 मिली दुधात साधारण 65 ते 70 कॅलरी असतात. कुकरच्या डब्यातली डाळ खाली बसल्यावर वरून काढलेल्या पाण्यात त्याहून खूपच कमी. भाताच्या पेजेचं आणि भाज्यांच्या निथळ सूपचंही तेच. बाळाचं पोट लहान, एका वेळी जेमतेम वाटीभर मावणारं. ते पाण्याने भरलं की बाळ अंगावरचं दूधही कमी पितं. म्हणजे वरचं खाणं सुरू केल्यावर बाळाच्या पोटात पूर्वीपेक्षा कमी अन्न जायला लागतं! सहा ते आठ महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे 300. हे काही फार नाही, पण पाण्यातून ते निघत नाही.

म्हणून पाणी नको, खालची डाळ द्या. दाट वरण आणि मऊ शिजलेला गुरगुट्या भात चमच्याच्या पाठीने चांगला कालवा आणि वर छोटा चमचाभर साजूक तूप घाला. त्या एका चमच्यातच जवळपास 40 कॅलरी असतात. दाटपणा कसा ओळखायचा? भरलेला चमचा तिरका करा. घास चमच्याला धरून राहिला तर बरोबर, लगेच ओघळला तर अजून पातळ आहे. सुरुवातीचे चार-पाच दिवस थोडं सैल चालेल, पण ते चार-पाच दिवसच.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल थोडं खोलात

नाचणी उत्तमच. 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच रोजच्या धान्यात नाही. घोळ होतो तो सत्त्वात. पारंपरिक पद्धतीत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून त्याचं दूध काढतात आणि खाली बसलेला साका वाळवतात. फडक्यात उरलेला चोथा टाकून दिला जातो आणि त्याबरोबर तंतू आणि बरीचशी खनिजंही जातात. हाती उरतो तो मुख्यतः स्टार्च. मऊ लागतो, लवकर पचतो, बाळाला आवडतोही. पण "सत्त्व देतोय म्हणजे सगळं मिळतंय" हा समज चुकीचा आहे.

त्यापेक्षा नाचणीला मोड आणा, सावलीत वाळवा, हलकी भाजा, दळा आणि पीठ बारीक चाळणीने चाळून घ्या. मोड आणण्याचे दोन फायदे आहेत. धान्यातलं लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं, हा एक. दुसरा फारसा कुणी सांगत नाही: मोड आलेल्या धान्यात स्टार्च फोडणारं विकर तयार होतं, त्यामुळे खीर शिजताना गच्च गोळा होत नाही. एरवी वाटीभर पाण्यात एक चमचा पीठ घातलं तरी खीर घट्ट होते. मोडाच्या पिठाचे दोन-तीन चमचे सहज मावतात. तेवढ्याच वाटीत जास्त अन्न जातं आणि बाळाला ते गिळायलाही सोपं पडतं.

आणखी एक. नाचणीत लोह असतं, पण केवळ तिच्या भरवशावर बाळाची गरज भागत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाने जन्माला येताना आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास 69 टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. त्यामुळे मसूर, मोडाची मटकी, पूर्ण उकडलेलं अंडं, खात असाल तर मासे, चिकन, अगदी थोडी शिजवलेली कलेजी हे सगळं सातव्या महिन्यापासून पानात येऊ द्या. डाळीवर चार थेंब लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं सिरप दिलं जातं. आशाताईंना किंवा तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. सिरप सुरू झाल्यावर शी काळपट होते, त्याला घाबरून सिरप बंद करू नका.

बाळाचा स्वयंपाक वेगळा मांडू नका

सकाळी सफरचंदाची प्युरी, अकराला गाजराची, दुपारी वेगळी खिचडी, संध्याकाळी रताळ्याचं काहीतरी. आठवडाभर हे उत्साहाने चालतं, मग आई दमते आणि डबाबंद पावडर घरात येते. खरं तर मराठी घरातला रोजचा कुकर बाळासाठी जवळजवळ तयारच असतो. बहुतेक घरी कुकरच्या डाळीत हळद-हिंग असतं, पण मीठ नसतं. ते डाळ घोटल्यावर पडतं. तेवढ्यात बाळाची वाटणी बाजूला काढायची. भाताच्या डब्यावर छोट्या वाटीत लाल भोपळ्याची, दुधीची किंवा गाजराची फोड ठेवली की भाजीही त्याच शिट्ट्यांत होते.

उसळ करणार असाल तर मटकी उकडल्यावर, तिखट-मीठ आणि गोडा मसाला पडण्याआधी दोन चमचे काढून कुस्करा. ज्वारीच्या भाकरीचा मधला मऊ भाग वरणात भिजवून ठेवा, दहा मिनिटांत लोण्यासारखा होतो. किनारपट्टीच्या घरांत माशाची तुकडी कालवणात जाण्याआधी वाफवा आणि बोटांनी दोनदा चाचपून काटे काढा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. हळद, जिरं, हिंग, धणे यांची चव लागायला काही हरकत नाही. उलट पुढे हेच तर जेवायचं आहे.

वर्षाच्या आत मीठ आणि साखर घालू नका. मिठाशिवाय बाळ खाईल का, असं विचारतात. ज्याने मीठ चाखलंच नाही त्याला ते कशाला आठवेल? गूळ म्हणजे साखर नव्हे, ही पळवाट आहे. मेतकूट, पापड, बिस्किटं, टोस्ट यांतही मीठ किंवा साखर असते हे लक्षात राहत नाही.

मधाचं मात्र निक्षून सांगायला हवं. वर्षाच्या आत बोटभर मधही नको, गुटीतून चाटवलेलाही नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. घरचा, जंगलातला, शुद्ध, कुठलाही मध याला अपवाद नाही. घरात कुणी "आमच्या वेळी सगळ्यांना दिला" म्हणालं तर वाद घालू नका, "आजी, डॉक्टरांनी वर्षभर नको म्हटलंय" एवढं सांगून बाटली वरच्या फळीवर ठेवा.

उष्टावणाच्या मुहूर्तासाठी थांबणं

मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, अशी रीत पुष्कळ घरी पाळतात. मग मुलीचं पाचव्यात उरकतं किंवा सातवा उजाडतो, आणि मुलाचं सहाव्यात मामाला सुट्टी मिळाली नाही की थेट आठव्यावर जातं. समारंभ हवा तेव्हा करा. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट लावलं तर काही बिघडत नाही. पण खाणं सहा महिने पूर्ण होताच सुरू करा, म्हणजे मान सावरते, आधाराने बसता येतं आणि मोठ्यांच्या ताटाकडे हात जायला लागतात तेव्हा.

थुंकतं, ओकारी काढतं, तोंड फिरवतं

पहिल्या दिवसांत घास जिभेने बाहेर येतो. ती नावड नसते, आतापर्यंत जीभ चोखायलाच शिकलेली असते. तोच पदार्थ चार दिवसांनी पुन्हा द्या. काही चवी दहा वेळा समोर आल्यावर पटतात. भुकेची वेळ साधा. पोटभर दूध प्यायल्यावर किंवा झोप आलेली असताना दिलेला घास बाहेरच येणार. आडवं घेऊन बोंडल्याने खाणं ओतण्याची जुनी सवय सोडा. बाळ बसलेलं हवं, चमचा त्याला दिसला पाहिजे. आणि समोर मोबाईल नको, कारण मग पोट भरल्याचं त्यालाही कळत नाही.

मिक्सरची सवय मोडणं जरा जड जातं. ओकारी येते म्हणून आई सगळं पुन्हा बारीक करते आणि दहाव्या महिन्यातही बाळ चटणीसारखं वाटलेलंच खात राहतं. आठव्या महिन्यापासून मिक्सर बाजूला ठेवून पुरणयंत्र, रवी किंवा नुसता चमचा वापरा. दाणे-दाणे राहू द्या. नंतर मऊ शिजलेल्या भाजीचा बोटभर तुकडा हातात द्या. ओकारीत बाळ खोकतं, आवाज करतं, तोंड लाल होतं आणि घास पुढे येतो. घशात अडकतं तेव्हा आवाजच बंद होतो, रंग निळसर पडायला लागतो. हा फरक घरातल्या सगळ्यांनी समजून घ्या आणि अशा वेळी काय करायचं ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खिमटात कालवून मात्र द्यावं. ॲलर्जी होईल म्हणून वर्षभर थांबण्याने फायदा होत नाही. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चहात बुडवलेलं बिस्कीट नकोच, चहा लोह शोषू देत नाही. गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षाच्या आत पिण्यासाठी नको. खिरीत थोडं किंवा दही चालतं. शी घट्ट झाली तर पपई, भिजवलेल्या मनुकांचा गर, भाजी वाढवा आणि जेवणाबरोबर उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट द्या. रक्त दिसलं, पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर घरी वाट पाहू नका.

आजारपणात खाणं बंद करणं

"दात येतायत, जुलाब होणारच" म्हणून चार दिवस फक्त पेजेवर ठेवलेली बाळं नंतर महिनाभर भरून येत नाहीत. दातांमुळे जुलाब होत नाहीत. खाली पडलेली वस्तू, न धुतलेले हात, सकाळचं उरलेलं खिमट हे कारण बहुधा निघतं. अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस पाजा, डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक 14 दिवस पूर्ण द्या, मध्येच जुलाब थांबले तरी. दही-भात, मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं थोडं थोडं, पण वरचेवर भरवा. बरं झाल्यावर भूक वाढते, तेव्हा पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या.