२०४८ खेळताना मोठा आकडा कोपऱ्यातून हलू द्यायचा नाही

रायबंदर-चोडण फेरीबोटीत बघा, मडगावच्या बसमध्ये बघा नाहीतर चवथीला घरी जमलेल्या पोरांच्या हातात बघा, मोबाईलवर २०४८, म्हणजे सारखे आकडे जुळवत २०४८ पर्यंत पोचायचा गेम, चालूच असतो आणि बहुतेक जण ५१२ पर्यंत पोचून अडकतात, कारण चारही बाजूंना मनाला येईल तसं बोट फिरवत राहतात. वर म्हणतात नशिबाचा खेळ आहे. मला हे अजिबात पटत नाही. नवीन आकडा कुठं पडणार तेवढंच नशीब, बाकी सगळं आपल्या हातात असतं.

नियम माहीत नसतील तर पटकन सांगतो. चार बाय चारचा पट, बोट सरकवलं की सगळे आकडे त्या बाजूला जाऊन टेकतात, सारखे दोन भिडले की बेरीज होऊन एकच राहतो, आणि दर चालीनंतर रिकाम्या घरात एक नवा येतो, दहात साधारण नऊ वेळा २ आणि एखादवेळ ४. म्हणजे पटावरची बेरीज चालीमागे सरासरी २.२ नेच वाढते, त्यामुळं २०४८ व्हायला नऊशेच्या वर चाली लागणारच, तेव्हा घाई करून काही मिळत नाही. गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं २०१४ च्या मार्चमध्ये एका वीकेंडला हा बनवला आणि कोड सगळ्यांना खुला ठेवला, म्हणून ह्याच नावाची ढिगानं अ‍ॅप्स आहेत. त्यातलं नेटशिवाय चालणारं घ्या, मधेच जाहिरात आली की डोक्यातली चाल निघून जाते.

आता मुख्य गोष्ट. एक कोपरा ठरवा, समजा खालचा डावा, आणि सगळ्यात मोठा आकडा तिथंच ठेवा. डावीकडं आणि खाली बिनधास्त सरकवा. उजवीकडं मात्र तळाची ओळ चारही घरं भरून आकडे वेगवेगळे असतील तेव्हाच, कारण तेव्हा ती ओळ हलतच नाही. वर कधीच नाही.

तळाची ओळ डावीकडून २५६, १२८, ६४, ३२ अशी उतरती लावा. दुसरी ओळ उलटी, म्हणजे ३२ च्या डोक्यावर १६, त्याच्या डावीकडं ८, मग ४. आता आणखी एक ४ त्या ४ ला लागला की बघा, तीनदा उजवीकडं सरकवलं की ८, १६ करत ३२ होतो, एकदा खाली की ६४, मग तीनदा डावीकडं, १२८, २५६ आणि कोपऱ्यात ५१२. सात चालींत आठ आकड्यांचा एकच! हे एकदा जमलं ना की मोबाईल खाली ठेववत नाही.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, एका चालीत एक आकडा एकदाच जुळतो. ४, २, २ डावीकडं सरकवले तर ४, ४ होतात, थेट ८ नाही. आणि २, २, २ असतील तर ज्या बाजूला ढकलता त्या बाजूची जोडी आधी जुळते, त्यामुळं कुठली जोडी हवी ते बघूनच बाजू निवडा.

कधीकधी मात्र खरंच वर सरकवावं लागतं, जसं खालच्या दोन ओळी गच्च भरल्यात, वरच्या दोन रिकाम्या आणि जोडी कुठंच नाही. तेव्हा वर करून लगेच खाली करा. नवा आकडा चार उभ्या रांगांपैकी कुठल्याही एकात पडू शकतो, म्हणजे मोठ्याच्या खाली घुसण्याची शक्यता चारात एक. तसं झालं तर बरेच जण गेम सोडून नवा सुरू करतात, तसं करू नका. मोठा आता दुसऱ्या ओळीत आहे, तर ती ओळ भरलेली आणि बिनजोडीची ठेवा, तळाच्या ओळीत एखादी जोडी जुळेल असं बघा आणि उजवीकडं सरकवा. तळाचा डावा कोपरा मोकळा होतो, नवा आकडा नेमका तिथंच आला नाही तर पुढच्या चालीला खाली केलं की मोठा परत आपल्या जागी.

२०४८ लागला की स्कोअर २०,००० च्या आसपास असतो आणि गेम पुढं चालू ठेवायचा का विचारतो. चालू ठेवा, कोपरा तोच, आता ४०९६ साठी.